अण्णांसोबत देवगिरी, वेरूळ आणि अजिंठा

शुक्रवार

काल भाऊबीज झाली. मामा आला होता तो राहिलाच, कारण उद्या पहाटे त्याच्याच गाडीने आम्ही संभाजीनगरला आत्याकडे निघणार आहोत. बाबांची भाऊबीज आत्याकडे व्हायची आहे. त्या निमित्ताने देवगिरी, वेरूळ, अजिंठा सगळं बघून यायचं ठरलं आहे.

ठरलं ते अण्णांमुळे. अण्णा म्हणजे माझे आजोबा. ते पाथरवट आहेत. आमच्या सिन्नरच्या आसपास कितीतरी घरांत त्यांनी घडवलेले पाटे-वरवंटे, उखळं आणि जाती आहेत. पूर्वी ते गावोगाव हिंडून जात्यांना टाकी लावायचे. जातं वापरून वापरून गुळगुळीत झालं की पीठ नीट पडत नाही, मग टाकीने ठोकून ते पुन्हा खरखरीत करावं लागतं. आता गिरण्या आणि मिक्सर आले, तरी अंगणात अण्णांचा हातोडा, टाक्या आणि एक अर्धवट पाटा कायम असतो. "वेरूळ तेवढं राहिलं बघायचं," असं ते दर दिवाळीला म्हणतात. ज्या माणसाचं आयुष्य दगडात गेलं त्याने वेरूळ बघितलेलं नाही, याचं मला फार वाईट वाटायचं.

आजी येणार नाही. शेळी नुकतीच व्यायली आहे आणि करडं लहान आहेत. दादाचं दहावीचं वर्ष आहे, त्याला जादा तास आहेत, म्हणून तोही घरीच. आईने दिवसभर तिखटमिठाच्या पुऱ्या तळल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली आणि आत्यासाठी चकल्या-अनारशांचा डबा वेगळा बांधला. बाबांनी कॅलेंडर समोर घेऊन सगळं जुळवलं, कारण अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. मला त्यांनी एक कोरी डायरी दिली. तिच्यात मी रोज रात्री लिहिणार आहे.

शनिवार

पहाटे पाचला निघालो. आजीने सगळ्यांच्या हातावर दही-साखर ठेवली आणि अण्णांच्या गोळ्यांची डबी आईकडे न देता माझ्याकडे दिली. आता ती माझी जबाबदारी.

गोंद्यापासून समृद्धी महामार्गावर चढलो. हा रस्ता मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटर आहे. मध्ये ना गाव लागतं ना सिग्नल, त्यामुळे छोटी लगेच झोपली. (छोटी माझी बहीण, पहिलीत आहे.) रस्ता करताना जिथे टेकड्या कापल्या आहेत तिथे अण्णा खिडकीतून टक लावून बघायचे. "ते बघ पोरी, वर काळा कातळ, मधे तांबडा पट्टा, खाली परत काळा." बाबांनी सांगितलं, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर आले. दोन थरांच्या मध्ये जो वेळ गेला त्यात खालच्या थराचा वरचा भाग झिजून तांबडा झाला. अण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तांबड्याला टाकी लावायची नाही. भुगा होतो त्याचा."

माळीवाड्याला खाली उतरलो आणि देवगिरीचा डोंगर समोर आला. आम्ही शाळेतून दरवर्षी गोंदेश्वराच्या देवळात जातो, तेव्हा बाई सांगतात की यादव राजांची राजधानी आधी आपल्या सिन्नरला होती. पाचवा भिल्लम राजा झाला, त्याने ती देवगिरीला नेली. म्हणून मला हा किल्ला थोडासा आमचाच वाटतो. पुढे १३२७ साली महंमद तुघलकाने दिल्लीहून राजधानी इथे आणली आणि दौलताबाद हे नाव दिलं. दिल्लीहून इथपर्यंत म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांनाही यावं लागलं. हजार किलोमीटरहून जास्त अंतर! मी आईला विचारलं, छोटीएवढी मुलं कशी आली असतील? आई म्हणाली, "कुणाच्या तरी कडेवर." मला त्याचा राग आला, तुघलकाचा.

किल्ल्यात एकामागून एक दरवाजे आहेत आणि ते समोरासमोर नाहीत, वळून जावं लागतं. दारांवर लोखंडी खिळे आहेत, हत्तीने धडक मारू नये म्हणून. आत चांद मिनार आहे, ६० मीटरहून उंच, पण वर जाऊ देत नाहीत. भारतमातेच्या मंदिरात खांबच खांब आहेत. अण्णा एका खांबापाशी थांबले, खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "हे आपल्या गोंदेश्वराच्या सोयऱ्यांपैकी." खरंच तशाच पट्ट्या, तशीच कोरीव चौकट.

मग खंदक आला. पूल ओलांडण्याआधी अण्णा कठड्याशी बसले ते उठेचनात. इथे डोंगराच्या बाजू उभ्या तासून काढल्या आहेत. कुठे पाय ठेवायला जागा नाही, बोट अडकवायला खाच नाही. "तटबंदी बांधली नाही, डोंगरच छाटला," अण्णा म्हणाले. "ह्याला किती माणसं लागली असतील, आणि किती टाक्या बोथट झाल्या असतील! रोज संध्याकाळी लोहाराकडे रांग असणार." गाइड काकांनी राजांबद्दल बरंच सांगितलं, पण लोहाराकडच्या रांगेचं त्यांच्या बोलण्यात नव्हतं.

अण्णा तिथेच थांबले. आम्ही अंधारीत शिरलो. ही डोंगराच्या पोटातली वाट आहे. आत इतका काळोख की स्वतःचा हात दिसत नाही, आणि वटवाघळांचा उग्र वास. वाट मध्येच वळते, पायऱ्या लहानमोठ्या आहेत, म्हणजे शत्रू धडपडावा. मामाने बॅटरी लावली, छोटीने त्याच्या गळ्याला मिठी मारून डोळे मिटले ते उजेड येईपर्यंत. मी आईचा पदर धरला होता आणि दुसऱ्या हाताने भिंत. भिंत गार आणि ओलसर होती.

वर बारादरीपर्यंत चढलो. तिथून खाली सगळे कोट एकात एक दिसतात. मामा म्हणाला, "एवढा किल्ला, आणि १२९६ साली अल्लाउद्दीन आला तेव्हा रामदेवरायाची फसगत कशाने झाली माहीत आहे? धान्याची म्हणून घाईघाईत वर नेलेली पोती मिठाची निघाली, असं सांगतात." बाबा म्हणाले, "म्हणून पोतं उघडून बघायचं असतं." आईने लगेच त्यांना आठवण केली की मागच्या महिन्यात बाजारातून तूरडाळ कुणी न बघता आणली होती.

खाली आलो तर अण्णा हातात सीताफळ घेऊन बसले होते. किल्ल्याच्या दारात टोपल्याच टोपल्या होत्या. इथली सीताफळं प्रसिद्ध आहेत. आम्ही सावलीत बसून खाल्ली, आणि अण्णांनी नाथांची गोष्ट सांगितली. जनार्दनस्वामी ह्या किल्ल्याचे किल्लेदार होते आणि संत एकनाथ लहानपणी पैठणहून शिकायला त्यांच्याकडे आले. एकदा हिशेबात एक पै लागेना. एकनाथ रात्रभर दिव्यापाशी बसले आणि पहाटे चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. स्वामी जागे झाले आणि म्हणाले, एका पैसाठी एवढा आनंद, मग हेच ध्यान देवाकडे लावलंस तर? ही गोष्ट मी पुस्तकात वाचली होती, पण ज्या किल्ल्यात ती घडली त्याच्या पायथ्याशी बसून ऐकताना एकनाथ मला माझ्या वयाचे वाटले.

संध्याकाळी आत्याकडे. आत्याने बाबांना ओवाळलं, मग अण्णांच्या पायावर डोकं ठेवलं आणि दोघंही थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. आत्याचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, पाण्याची पिंपं भरून ठेवलेली असतात आणि प्रत्येक पिंपावर खडूने तारीख लिहिलेली असते. रात्री आजीचा फोन आला. आधी गोळीची चौकशी, मग शेळीची हकिगत.

रविवार

वेरूळ!

सुट्टीचा दिवस, त्यामुळे गर्दी खूप. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. फाटकातून आत गेलं की सोळावं लेणं समोरच, म्हणजे कैलास. सगळे सरळ आत निघाले, पण अण्णा म्हणाले, "आधी वर." शेजारून डोंगरावर एक वाट जाते. त्यांना दम लागत होता, तरी काठी टेकत टेकत गेलेच. "काम वरून खाली झालंय ना, मग बघायचंही वरूनच."

वरून बघितलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. आपण डोंगरावर उभे असतो आणि देऊळ खाली खड्ड्यात असतं. म्हणजे डोंगरात तिन्ही बाजूंनी खोल चर खोदले, मध्ये एक प्रचंड मोठा दगड राहू दिला, आणि त्या एका दगडाचं शिखर, मंडप, नंदी, हत्ती, खांब सगळं कोरलं. मंडपाच्या छतावर मोठं कमळ आहे आणि त्यावर चार सिंह. ते खालून नीट दिसतच नाहीत. अण्णा कठड्याला धरून उभे होते. खूप वेळाने म्हणाले, "आपल्या गोंदेश्वराला दगड चढवलाय. इथं दगड उतरवलाय."

मी त्यांना नीट समजावून सांगायला सांगितलं. देऊळ बांधताना एखादा दगड तडकला तर तो बाजूला टाकून दुसरा घेता येतो. इथे तसं नाही. हत्तीची सोंड चुकून तुटली तर नवी सोंड आणणार कुठून? जे काढलं ते गेलं. म्हणून कुठे हात लावायचा नाही हे आधीच ठरलेलं असलं पाहिजे, कोरणाऱ्या प्रत्येकाला. एक गोष्ट मात्र सोपी, ते म्हणाले. परांची बांधायची गरज नाही. उभं राहायला पायाखाली डोंगर असतोच, तो फक्त हळूहळू खाली जात राहतो.

गाइड काकांनी एक कथा सांगितली. राणीने नवस केला होता की शिवाच्या देवळाचं शिखर बघितल्याशिवाय जेवणार नाही. देऊळ व्हायला तर वर्षं लागणार. तेव्हा पैठणच्या कोकस नावाच्या कारागिराने शिखरापासूनच सुरुवात केली आणि आठवड्यात राणीला शिखर दाखवलं. अण्णा म्हणाले, "आठवड्यात नाही होत. पण राणीला उपाशी न ठेवणारा कारागीर मला आवडला." हे लेणं राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, आठव्या शतकातलं. इथून दोन लाख टन दगड काढला असा अंदाज आहे. बाबांनी तिथेच हिशेब केला: एका ट्रकमध्ये वीस टन धरले तर दहा हजार ट्रक.

खाली अंगणात आलो. दोन्ही बाजूंना उंच ध्वजस्तंभ आणि दगडी हत्ती. देवळाचा सगळा जोता हत्तींच्या पाठीवर आहे, म्हणजे हत्तींनीच ते उचलून धरलंय. जिन्याच्या एका बाजूला रामायण कोरलं आहे आणि दुसऱ्या बाजूला महाभारत, पट्ट्यापट्ट्यांनी. छोटीने हनुमान शोधून काढला. दक्षिणेच्या बाजूला रावण कैलास हलवतो आहे ते शिल्प आहे. रावण खाली अडकलाय, वीस हातांनी जोर लावतोय. वर पार्वती घाबरून शंकराचा आधार घेते, एक दासी पळत सुटली आहे, आणि शंकर नुसता पायाने दाबून शांत बसले आहेत. ती पळणारी दासी मला सगळ्यात आवडली. एवढ्या मोठ्या प्रसंगात तिची आठवण कुणीतरी ठेवली.

पण अण्णांचं लक्ष भलतीकडेच. ते अंगणाच्या बाहेरच्या उभ्या भिंतीजवळ गेले, जिथे काहीच कोरलेलं नाही. तिथे टाकीचे घाव अजून दिसतात, तिरक्या रेघा, एकाखाली एक. त्यांनी मला हवेतच हात फिरवून दाखवलं. रेघ अशी उतरली तर कारागीर उजव्या हाताने हातोडा मारणारा, आणि अशी उतरली तर डावखुरा. मग आम्ही दोघांनी डावखुरा शोधायला सुरुवात केली. एका कोपऱ्यात सगळ्या रेघा उलट्या दिशेने होत्या. "हा बघ," अण्णा म्हणाले आणि त्यांचा हात आपोआप भिंतीवर गेला. पहारेकऱ्याने शिट्टी वाजवली. अण्णांनी हात मागे घेतला, पाठीमागे बांधला आणि त्याला म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. सगळ्यांनी हात लावला तर हे घाव राहायचे नाहीत." पहारेकरी काका मग आमच्याशी बोलायलाच लागले, आणि छताखाली कुठे जुने रंग शिल्लक आहेत ते त्यांनीच दाखवलं. पूर्वी हे देऊळ काळं नव्हतं, त्यावर पांढरा गिलावा होता आणि चित्रं होती.

इथली मुख्य लेणी ३४ आहेत. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. सगळी बघणं जमलं नाही. दहावं बघितलं, त्याला सुतार की झोपडी म्हणतात, कारण छताला लाकडाच्या वाशांसारख्या दगडी कमानी कोरल्या आहेत. त्या कशाचंही ओझं पेलत नाहीत. आधीच्या लाकडी सभागृहांची सवय डोळ्याला होती, म्हणून दगडातही वासे काढले. जैन लेण्यांकडे जायला गाडी आहे. इंद्रसभेच्या अंगणात एक अखंड दगडी हत्ती आहे आणि वरच्या मजल्यावर छतात कमळ. तिथे गर्दी नव्हती, आई खांबाला टेकून बसली आणि म्हणाली, "दिवाळीच्या आधीपासून आज पहिल्यांदा बसले." आम्ही तिला उठवलं नाही.

शेवटी घृष्णेश्वर. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी हे देऊळ पुन्हा उभं केलं. गाभाऱ्यात जाताना पुरुषांना सदरा काढावा लागतो. अण्णा, बाबा आणि मामा उघड्या अंगाने रांगेत उभे होते. गावातच मालोजीराजे भोसले यांची गढी आहे, शिवाजी महाराजांचे आजोबा. ती बघेपर्यंत अंधार पडला.

सोमवार

आज लांब कुठे नाही. सकाळी आईने आणि आत्याने धुणं काढलं, गच्चीत आमच्या सगळ्यांचे कपडे वाळत होते. मी गृहपाठाचं शुद्धलेखन उरकलं. छोटीचे पाय दुखत होते म्हणून आत्याने तेल चोळून दिलं.

दुपारी पाणचक्की. उत्तरेकडच्या डोंगरातून मातीच्या नळांनी पाणी आणलं आहे, ते उंचावरून हौदात पडतं आणि त्याच्या जोरावर दगडी जातं फिरतं. शहराला नळांनी पाणी आणायची ही पद्धत मलिक अंबरपासूनची. त्यानेच १६१० साली इथे खडकी नावाचं शहर वसवलं होतं. चक्कीवर दळलेलं पीठ इथे राहणाऱ्या फकिरांना, यात्रेकरूंना आणि विद्यार्थ्यांना मिळायचं. अण्णांना पाण्यापेक्षा जात्यात रस. खालची तळी, वरची तळी, मधला लोखंडी खुंटा, सगळं वाकून बघितलं. "एवढ्या जड तळीला माणसाच्या हातानं कोण फिरवणार, पाणीच पाहिजे."

मग बीबी का मकबरा. लांबून ताजमहालच वाटतो. पण ताजमहाल बादशहाने बायकोसाठी बांधला आणि हा औरंगजेबाच्या मुलाने, आझमशहाने, आईसाठी. छोटी लगेच आईला म्हणाली, "मी पण बांधीन." आई म्हणाली, "आधी दप्तर जागेवर ठेव." खाली संगमरवर आहे, वरच्या बराचशा भागात चुन्याचा गुळगुळीत गिलावा. आत गेल्यावर कबर आपल्या पातळीवर नसते, जाळीच्या कठड्यावरून खाली वाकून बघावी लागते. खर्च आला होता ६,६८,२०३ रुपये ७ आणे. ते सात आणे मला फार आवडले. बाबांनी सांगितलं, सोळा आण्यांचा रुपया आणि बारा पैंचा आणा. म्हणजे एका रुपयात १९२ पै. नाथांनी त्यातली एक शोधायला रात्रभर जागून काढली.

संध्याकाळी आत्याच्या मुलाने मला त्याची सायकल चालवायला दिली. सिन्नरपेक्षा इथे उतार जास्त आहेत.

मंगळवार

अजिंठ्याला लवकर निघालो, शंभर किलोमीटर लांब आहे. फर्दापूरच्या फाट्यावर आपली गाडी ठेवावी लागते आणि तिथून बसने पुढे, म्हणजे गाड्यांचा धूर लेण्यांपर्यंत जात नाही. फाट्यावर चमकणारे दगड विकणारे खूप होते. हिरवे, पांढरे, आत स्फटिक असलेले. आम्हा सिन्नरकरांना ते नवीन नाहीत, आमच्याकडे तर त्यांचं गारगोटी संग्रहालय आहे. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे राहतात आणि त्या पोकळीत हळूहळू हे स्फटिक वाढतात. अण्णांच्या टाकीखाली असा दगड आला की ते हळहळतात, कारण पाटा वाया जातो, आणि मला मात्र खजिना मिळतो.

वाघोरा नदी इथे घोड्याच्या नालासारखी वळते आणि त्या वळणावरच्या कड्यात ओळीने लेणी आहेत. चढायला पायऱ्या. म्हाताऱ्या माणसांना डोलीत बसवून नेतात, पण अण्णा म्हणाले, "माझ्या वजनासाठी दुसऱ्याचे खांदे नकोत." बसत-उठत वर आले. मी त्यांच्याबरोबरच राहिले. गोळी मी वेळेवर दिली.

पहिल्या लेण्यात शिरल्यावर काहीच दिसत नाही. मंद दिवे, चप्पल बाहेर, आणि फ्लॅश मारायला बंदी, कारण उजेडाने रंग जातात. आई म्हणाली, घाई करू नका, डोळे बसू द्या. आणि मग भिंतीतून एक चेहरा वर आला. पद्मपाणी. हातात निळं कमळ, मान थोडी झुकलेली, डोळे अर्धे मिटलेले. एवढे दागिने आणि मुकुट असूनही तो स्वतःकडे बघत नाहीये. मी किती वेळ उभी होते कुणास ठाऊक, मागच्या लोकांनी पुढे व्हा म्हटलं तेव्हा हलले. छताकडे बघायला तर जमिनीवर आडवं पडलं पाहिजे, पण तसं करता येत नाही. फळं, हंस, फुलं, आणि एका खांबावर चार हरणं, ज्यांना डोकं मिळून एकच. छोटीने चारही हरणांना ते डोकं लावून बघितलं आणि ते प्रत्येकाला बसतं.

एका ठिकाणी गिलाव्याचा पोपडा गेलेला होता. आईने मला कडेकडे बघायला लावलं. मातीत भुसा आणि गवताचे तंतू दिसत होते. "बघ, आपण भिंत लिंपतो तेव्हा घालतो तेच." दगडावर आधी असं लिंपण, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर रंग. तांबडा आणि पिवळा मातीचा, काळा काजळीचा, पांढरा चुन्याचा. निळा मात्र अफगाणिस्तानातल्या दगडाचा. म्हणजे तेव्हा तिकडून कुणीतरी तो दगड घेऊन इथपर्यंत आलं होतं.

नववं आणि दहावं लेणं सगळ्यात जुनं, दोन हजार वर्षांहून जुनं. दहाव्यात एका खांबावर एका इंग्रज अधिकाऱ्याने, जॉन स्मिथने, आपलं नाव आणि १८१९ ची तारीख खरवडून ठेवली आहे. तो शिकारीला आला होता आणि त्याला ही लेणी दिसली. नाव इतक्या उंचावर आहे कारण तेव्हा आत माती साचली होती आणि तो तिच्यावर उभा होता. एवढं सुंदर काही सापडल्यावर त्याला त्यावर कोरावंसं का वाटलं, हे मला समजत नाही. ज्यांनी हे काढलं त्यांच्यापैकी कुणाचं नाव आपल्याला माहीत नाही. बाबांनी आणखी एक सांगितलं: रॉबर्ट गिल नावाच्या चित्रकाराने इथे राहून कितीतरी वर्षं ह्या चित्रांच्या नकला केल्या, आणि त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या आगीत जळाल्या. ऐकून माझ्या पोटात कसंतरी झालं.

सोळावं आणि सतरावं लेणं वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातलं, पाचव्या शतकातलं. सतराव्यात जातककथा भिंतभर आहेत. सहा सुळे असलेला षड्दंत हत्ती स्वतःला मारायला आलेल्या शिकाऱ्याला आपले सुळे देतो, ती गोष्ट आईने सांगितली. छोटीने पुढे यायचंच नाकारलं, तिला हत्ती वाचेपर्यंत थांबायचं होतं.

आणि मग चोविसावं. हे अर्धवट आहे, म्हणून फार लोक थांबत नाहीत. अण्णा मात्र आत जाऊन खाली बसले आणि मला जवळ बसवलं. "आता शाळा." पुरं झालेलं लेणं काही सांगत नाही, ते म्हणाले, काम कसं झालं ते अर्धवट लेण्यातच दिसतं. आधी छत साधायचं. मग जमिनीच्या दिशेने ओळीने चर मारायचे, मध्ये दगडाचे उभे पाख ठेवायचे, आणि ते पाख नंतर घणाने उडवायचे. म्हणजे सगळा दगड टाकीने खरवडत बसावा लागत नाही, निम्मा तुटूनच पडतो. जिथे खांब यायचे तिथे जाड चौकोन सोडलेले. एका खांबाला वर नक्षी सुरू झाली आहे आणि खाली नुसता दगड. हरिषेणाच्या नंतर कामं थांबत गेली. अण्णा त्या खांबाकडे बोट करून म्हणाले, "उद्या येतो म्हणून टाकी ठेवून गेला असेल." मग त्यांनी मला विचारलं की यातला कुठला भाग पुढे कोरायचा होता ते सांग. मी दाखवलं, आणि ते "बरोबर" म्हणाले.

सव्विसाव्यात बुद्धाचं महापरिनिर्वाण आहे. सात मीटर लांब मूर्ती, एका कुशीवर झोपलेली, उशीला खळगा पडलेला. खाली शिष्य रडत आहेत, वर देव आनंदाने वाजवत आहेत. आई आणि अण्णा दोघांनी हात जोडले.

येताना गाडीत सगळे झोपले. मामा जागा होता, अर्थातच, आणि मी त्याला झोप येऊ नये म्हणून जातककथा सांगत होते.

बुधवार

आत्याने निघताना आईची ओटी भरली आणि मला कंपासपेटी दिली. पैठण करून घरी जायचं होतं. नाथांच्या वाड्यात तो रांजण आहे, ज्यात देव श्रीखंड्या होऊन कावडीने पाणी भरत होते. जायकवाडी धरणाला २७ दरवाजे आहेत आणि नाथसागराचं दुसरं टोक दिसत नाही. हे पाणी गोदावरीचं, म्हणजे आमच्या नाशिककडूनच आलेलं. अण्णांनी ओंजळीत घेऊन डोळ्यांना लावलं.

शेवगाव, नेवासे करत घरी पोचायला रात्र झाली. करडं मोठी झाली आहेत, किंवा मला तसं वाटतं आहे. दादाला सगळ्यात आधी कोण सांगणार यावरून छोटी आणि मी भांडलो, मग दोघींनी एकदमच सांगितलं. आजीने सीताफळं परातीत काढली, पिकलेली वेगळी केली आणि जाहीर केलं, "पुढच्या खेपेला मी जाणार. शेळी तुम्ही सांभाळा." अण्णा लगेच हो म्हणाले. इतक्यावर थांबले नाहीत. कैलासाला गेलीस तर आधी डोंगरावरच्या वाटेने जा, मध्ये तीन ठिकाणी बसायला कठडा आहे, पहारेकऱ्याला माझं नाव सांग, अजिंठ्याला चोविसावं चुकवू नकोस, असं त्यांचं जेवण होईपर्यंत चालू होतं. आजी म्हणाली, "अहो, भात वाढू का आणखी?"